तालुक्याच्या गावात फूड फ्रँचायझी घ्यायची आहे? टोकन भरायच्या आधी खर्च अन् सपोर्ट असा पडताळून पाहा

आमच्याकडे आता तालुक्याच्या कोणत्याही गावात जा, दिग्रस घ्या, वणी घ्या, मोर्शी घ्या, एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत फ्रँचायझीच्या पाट्या दिसतातच, चहा, पिझ्झा, मोमोज, सोडा, आइस्क्रीम. मी दारव्ह्याला जीएसटी, शॉप अॅक्ट, बँकेच्या फाइली अशी कामं करतो. माझ्याकडे पोरं येतात ती बहुतेक कंपनीला टोकन (बुकिंगचे आगाऊ पैसे) भरूनच येतात, अन् मंग विचारतात की भाऊ, हे आपल्या गावात चालंल का. हा प्रश्न टोकनच्या आधीचा आहे, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. हॉटेल लाइनचा काही अनुभव नाही, घरी चार एकर सोयाबीन आहे अन् पाच-सात लाखांचं कर्ज काढून दुकान टाकायचं डोक्यात आहे, अशा भावा-बहिणींसाठी हे आहे.

ब्रोशरवर "फक्त २ लाखांत सुरू करा" असं मोठ्या अक्षरात असतं, अन् लोक चार कंपन्यांचे असे चार आकडे घेऊन तुलना करत बसतात. त्यातून काहीच समजत नाही. पाहायचं हे की शटर उघडेपर्यंत एकूण किती लागतील, अन् मंग आपल्या गावात रोज किती कप किंवा किती प्लेटा गेल्या तर महिन्याचा खर्च निघंल. सपोर्टचं म्हणाल तर अॅग्रीमेंटमध्ये जेवढा लिहिलाय तेवढाच धरायचा, फोनवरचा धरायचा नाही.

पहिलं काम: ही कंपनी खरंच फ्रँचायझी देते का

बरेच जण थेट विचारतात, डॉमिनोजची किती, मॅकडोनाल्डची किती. तर हे समजून घ्या की भारतात डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स ही एकच कंपनी चालवते, दुकानं तिची स्वतःची असतात, आपल्यासारख्याला ते सुटी फ्रँचायझी देत नाहीत. आपल्या भागात मॅकडोनाल्डही वेस्टलाइफ ही कंपनीच चालवते. म्हणजे कोणी व्हॉट्सअॅपवर "यवतमाळ जिल्ह्यासाठी डॉमिनोजची एक जागा बाकी आहे, ४५ हजार रजिस्ट्रेशन भरा" असं म्हणत असंल तर तो चोर आहे, त्याच्याशी बोलतच बसू नका.

अमूलच्या नावानंही खोट्या वेबसाइट निघतात, अमूलनं स्वतः त्याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. कोणत्याही ब्रँडचं नाव गुगलवर टाकून वर जी जाहिरात येते तिच्यावरचा नंबर लावू नका, त्या ब्रँडच्या पाकिटावर जी वेबसाइट छापलेली असते तीच उघडा.

नवीन, कमी माहितीचा ब्रँड असंल तर दोन गोष्टी घरबसल्या फुकटात पाहता येतात. एक, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून ती कधी स्थापन झाली ते पाहा. आठ महिन्यांची कंपनी "देशभरात २०० आउटलेट" म्हणत असंल तर ते २०० पत्ते मागा. दुसरं, ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव सर्च करा. खानपान सेवेचा वर्ग ४३ आहे, चहा-कॉफी-बेकरीचा ३०. तिथं "रजिस्टर्ड" लिहिलेलं पाहिजे. नुसता अर्ज केलेला असंल किंवा कोणी हरकत घेतलेली असंल तर उद्या नाव बदलायची वेळ येऊ शकते, अन् बोर्डाचा, कपांचा, मेनू कार्डाचा खर्च आपल्याच डोक्यावर. आपण पैसे त्या नावाचेच तर देऊन राहिलो.

अन् ते नाव आपल्या गावात कोणाला माहीत आहे का, हेही पाहा. कॉलेजच्या गेटवर उभं राहून दहा-पंधरा पोरापोरींना विचारा. पुण्यात रांगा लागतात याचा घाटंजीत उपयोग नाही. कोणालाच माहीत नसंल तर दोन लाख फी कशाची भरायची हा सरळ प्रश्न कंपनीला विचारायचा, लाजायचं नाही.

शटर उघडेपर्यंतचा खर्च

आता वहीत मांडा. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. फी २ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ३६ हजार. मशिनरी, फ्रीजर, चिमणी २ लाख २५ हजार. काउंटर, बोर्ड, लाइट, फर्निचर १ लाख ७५ हजार. पहिला माल ५० हजार. दुकानाचं डिपॉझिट ६० हजार. कमर्शियल मीटर, वायरिंग, इन्व्हर्टर ४५ हजार. ओपनिंगला येणाऱ्या टीमचं जाणं-येणं-राहणं, लायसन्स, उद्घाटन १५ हजार. झाले ८ लाख ६ हजार. आता दुकान पहिल्या महिन्यापासून भरत नाही, म्हणून निदान दीड लाख बाजूला पाहिजेत. साडेनऊ लाखांच्या वर गेलो, अन् ब्रोशरवर २ लाखच लिहिलेलं होतं.

इथं जीएसटीचं एक नीट समजून घ्या कारण हे कोणी सांगत नाही. साध्या रेस्टॉरंटला बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो पण खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) गेलात तरी क्रेडिट नाही, उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे म्हणून जीएसटी नंबरच काढला नाही तरीही नाही. म्हणजे फीवरचे ते ३६ हजार, दर महिन्याच्या रॉयल्टीवरचा (नाव वापरायचा कंपनीला द्यायचा हिस्सा) १८ टक्के, मशीनवरचा टॅक्स, हे सगळं आपल्या खिशातून गेलं ते गेलंच. सेल्सवाला "जीएसटी तर परत मिळतो भाऊ" म्हणाला की त्याला हे विचारा अन् त्याचं उत्तर ईमेलवर मागा.

फर्निचर अन् मशिनरी कंपनीकडूनच घ्यायची सक्ती असते तिथं खास लक्ष द्या. यादी मागा, मॉडेल नंबरासकट, अन् तोच फ्रीजर यवतमाळ, अकोला, नागपूरच्या दुकानात कितीला आहे ते विचारून या. फरक चार-पाच हजारांचा असंल तर सोडून द्या, पण दीडपट असंल तर "कमी फी" वाली कंपनी फी तिथूनच वसूल करून राहिली आहे.

मोजमाप म्हणून अमूलचा हिशोब जवळ ठेवा, कारण तो उघडा आहे. त्यांच्या छोट्या आउटलेटला जागा १०० ते १५० स्क्वेअर फूट लागते अन् खर्च २ लाखांच्या आसपास सांगतात, आइस्क्रीम स्कूपिंग पार्लरला ३०० स्क्वेअर फूट अन् ६ लाखांच्या आसपास. रॉयल्टी नाही. मार्जिन एमआरपीवर, पाऊच दुधावर अडीच टक्के, बाकी दुधाच्या पदार्थांवर १० टक्के, पॅक आइस्क्रीमवर २०, अन् स्कूप-शेक-संडे यांवर ५० टक्क्यांपर्यंत. आता हजार रुपयांचं दूध विकलं तर हातात २५ रुपये. म्हणून तिथं दुधाच्या पिशवीनं गिऱ्हाईक दारात येतं अन् कमाई आइस्क्रीमवर होते, ज्याच्या गावात लोक उभं राहून स्कूप खात नाहीत त्याला तो हिशोब बसत नाही. कोणताही दुसरा ब्रँड आला की त्याला याच चार खणांत बसवा, एकूण खर्च, जागा, रॉयल्टी, प्रत्येक वस्तूवर मार्जिन. ज्याला हे चार खण भरून देता येत नाहीत त्याच्याकडे पुढं जायचंच नाही.

"रॉयल्टी शून्य" म्हणजे काय

कंपनीला जगायला पैसा लागतो, तो ती कुठून तरी घेणारच. रॉयल्टी नसंल तर मालातून घेते, चहाचा मसाला, प्रीमिक्स (तयार मिसळलेली पावडर), पिझ्झा बेस, सॉस, लोगोवाले कप, सगळं त्यांच्याकडूनच. यात चुकीचं काही नाही, पण भाव कोण ठरवणार, वर्षात किती वेळा वाढवता येतो, हे अॅग्रीमेंटमध्ये पाहिजे. रॉयल्टी असंल तर ती विक्रीवर आहे की नफ्यावर ते पाहा, बहुतेक विक्रीवरच असते, म्हणजे तुम्ही तोट्यात असलात तरी द्यायची. अन् "किमान रॉयल्टी महिन्याला इतके" असं एक वाक्य आत कुठंतरी लपलेलं असतं, ते शोधा.

आपल्याकडे खरा खेळ मालाच्या वाहतुकीत आहे, यावर जरा थांबतो. पुण्या-मुंबईच्या आउटलेटला कंपनीची गाडी दारात येते. आपल्याला माल नागपूर किंवा अमरावतीला उतरतो अन् तिथून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकून येतो. माझ्याकडे काम असलेल्या एका बर्गरवाल्याचं सांगतो. त्याच्या फ्रोझन पॅटीचे थर्माकोलचे डबे पहाटे स्टँडवर उतरायचे, अन् मे महिन्यात डबा उघडला की खालच्या थरातल्या पॅटी एकमेकींना चिकटून एक गोळा झालेल्या, पुठ्ठा ओला. कंपनीचं म्हणणं की माल आमच्या गोडाऊनमधून निघाला तेव्हा चांगला होता, ट्रॅव्हल्सवाला म्हणे मी फक्त पार्सल आणतो. नुकसान त्याचंच. म्हणून हे तीन प्रश्न लिहून विचारा: माल माझ्या दुकानापर्यंत कोण पोहोचवणार अन् भाडं कोणाचं, खराब निघाला तर किती तासांत फोटो पाठवला की बदलून मिळतो, अन् एका वेळची कमीत कमी ऑर्डर किती. ही शेवटची गोष्ट छोट्या गावात लय महत्त्वाची आहे, कारण ४० हजारांचा माल एकदम घ्यावा लागत असंल अन् तुमचा खप महिन्याला २५ हजारांच्या मालाचा असंल, तर पैसा फ्रीजरमध्ये अडकून पडतो अन् वरून तारीख निघून जाते.

फ्रीजरवरून आठवलं, लाइन किती वेळ जाते याचा विचार आत्ताच करा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो अन् त्याच दिवसांत वीज जास्त जाते. साधा इन्व्हर्टर पंखे-लाइट ओढतो, डीप फ्रीजर ओढत नाही. जनरेटर धरायचा असंल तर तो खर्चाच्या यादीत धरा.

रोज किती कप?

आता तो हिशोब जो प्रत्येकानं करायलाच पाहिजे. समजा भाडं ९ हजार, दोन पोरांचा पगार २० हजार, लाइट ६ हजार, गॅस ४ हजार (१९ किलोचा कमर्शियल सिलेंडर, घरगुती वापरायचा नाही, गुन्हा आहे), किरकोळ ३ हजार. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनं धरलं तर हप्ता ११ हजारांच्या जवळपास. एकूण ५३ हजार महिन्याला, अन् यात तुमच्या स्वतःच्या घरखर्चाचा एक रुपया नाही.

चहा १५ रुपयांना, त्यात दूध, मसाला, कप धरून माल ७ रुपये. कपामागं ८ रुपये राहिले. ५३ हजाराला ८ नं भागा, साडेसहा हजारांच्या वर कप, म्हणजे रोज २२१. घरासाठी १५ हजार पाहिजेत तर रोज २८३. आता माल ७ ऐवजी ८ ला पडला, फक्त वाहतुकीचा एक रुपया वाढला, तर घरखर्च न धरता २२१ चे २५२ कप होतात. एका रुपयासाठी रोज तीस कप जास्त! म्हणून वर मालाच्या भावावर एवढं लिहिलं.

पिझ्झा-बर्गरला कपांऐवजी बिलं मोजा. सरासरी बिल १०० रुपये, माल ४५, रॉयल्टी ५ टक्के अन् तिच्यावर जीएसटी मिळून ५ रुपये ९० पैसे, राहिले ४९ रुपये १० पैसे. महिन्याचा खर्च ६५ हजार धरला तर रोज ४४-४५ बिलं. कागदावर हे २२१ कपांपेक्षा सोपं वाटतं, पण आपल्या गावात शंभर रुपये रोज खर्च करणारी ४५ माणसं, पावसाळ्यातल्या साध्या मंगळवारी, आहेत का हे पाहावं लागतं.

ते पाहायचं कसं? जिथं दुकान टाकायचं तिथं स्वतः जाऊन उभं राहा, एक दिवस आठवडी बाजाराचा अन् एक दिवस साधा. शेजारच्या टपरीवर सकाळी आठ ते अकरा अन् संध्याकाळी पाच ते आठ किती कप गेले ते मोजा. तिथं दहा रुपयांचा चहा अन् गरम आलूबोंडा, तर्री पोहे मिळून राहिले असतील तर तुमचं १५ चं गिऱ्हाईक कोण, हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे: ज्युनिअर कॉलेजची पोरं, बँक-तहसीलचे कर्मचारी, की संध्याकाळी फॅमिली घेऊन येणारे. बायका-पोरींना बसायला स्वच्छ जागा अन् वॉशरूम ही छोट्या गावात खरी कमतरता आहे, माझ्या मते कॅफे तिथंच चालतो.

अन् आपला पैसा पिकावर चालतो हे विसरू नका. सोयाबीन दिवाळीच्या आगे-मागे विकलं जातं, कापसाचा पैसा त्याच्यानंतर, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा. जून-जुलैत घरातला पैसा बियाणं, खत अन् पोरांच्या फीमध्ये जातो. श्रावणात नॉनव्हेज मोमोज, चिकन रोल बसतात. दिवाळीच्या महिन्यातली विक्री गुणिले बारा असा हिशोब कंपनी दाखवते, तुम्ही जुलैचा मांडा.

सपोर्ट पडताळायचा तो चालू अन् बंद दुकानांकडून

अमेरिकेत कायदा आहे, फ्रँचायझी विकणाऱ्यानं सही-पैशाच्या निदान १४ दिवस आधी कोर्टकचेऱ्या, बंद झालेली दुकानं, सगळी फी, असं सगळं लिहून द्यावं लागतं. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं, म्हणून ती माहिती आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कंपनी तिच्या दोन-तीन दुकानदारांचे नंबर देते, ते गोडच बोलतात. तुम्ही गुगल मॅपवर त्या ब्रँडचं नाव टाका अन् आपल्याएवढ्या गावांतली दुकानं शोधा, हिंगणघाट, पुसद, कारंजा, चिखली अशी. ज्याच्यावर "कायमचे बंद" लिहून येतं त्याचा नंबर तर नक्की लावा. चालू दुकानदाराला विक्री किती असं विचारलं तर तो खरं सांगत नाही, किंवा वाढवून सांगतो. त्याच्याऐवजी विचारा, "दादा, कपांचे बॉक्स महिन्याला किती मागवता? प्रीमिक्स किती किलो लागतं?" त्याच्यावरून विक्री तुम्हीच काढा. लाइट बिल दाखवलं तर तेही पाहा.

मंग सपोर्टचे प्रश्न, अन् प्रत्येकाचं उत्तर आकड्यात पाहिजे. ट्रेनिंग किती दिवस, कुठं, राहण्याचा खर्च कोणाचा, अन् पोरगा सोडून गेला तर दुसऱ्याचं ट्रेनिंग फुकट का? आपल्याकडे पोरं टिकत नाहीत, नागपूर-पुण्याला निघून जातात, म्हणून हा प्रश्न मोठा आहे. मशीन बिघडलं तर मेकॅनिक कुठून येणार, अमरावतीहून की पुण्याहून? मार्केटिंग फी घेतात तर ती आपल्या तालुक्यात खर्च होणार की इन्स्टाग्रामवर मुंबईच्या लोकांना दाखवायला? "फुल सपोर्ट" हा शब्द कुठं दिसला तर खोडून तिथं दिवस, तास, रुपये लिहायला लावा. जी कंपनी लिहून देते ती सहसा करतेही, हे मी पाहिलंय.

अॅग्रीमेंट

इंग्रजीत तीस पानं असतात. तालुका कोर्टातल्या वकिलाला दोन-तीन हजार द्या अन् सोबत बसून वाचा. मुदत किती, तीन की पाच वर्षं, अन् नूतनीकरणाला पुन्हा फी लागते का. एरिया किलोमीटरमध्ये लिहिलाय का, कारण आपलं गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन किलोमीटर, अन् एरिया एकच किलोमीटर दिला तर ते कॉलेजपाशी दुसऱ्याला देऊ शकतात, पूर्ण नगरपरिषद हद्द मागा. मधेच बंद करायचं झालं तर डिपॉझिट किती दिवसांत परत, मशीन कंपनी घेते का, दुकान दुसऱ्याला विकता येतं का, त्याच जागेत स्वतःच्या नावानं चहा विकायला किती वर्षं बंदी. भांडण झालं तर कोर्ट कोणत्या गावचं, सुरत किंवा गुडगाव लिहिलं असंल तर दोन लाखांसाठी तिथं कोण खेटे घालणार, निदान नागपूर करून मागा. "गॅरंटीड कमाई" किंवा "दुकान आम्हीच चालवू, तुम्ही फक्त पैसा लावा" असं असंल तर ती गॅरंटी कोणत्या मालमत्तेवर आहे ते विचारा, नसंल तर दूर राहा.

कर्ज अन् कागदं

मुद्रा योजनेत शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. पीएमईजीपीत (नवीन धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना) सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अन् महिला, एससी, एसटी, ओबीसींना ३५ टक्के सबसिडी असं तिचं गणित आहे. पण ती सबसिडी तीन वर्षं बँकेत अडकून राहते, हातात येत नाही, अन् ती नवीन धंद्यालाच आहे. म्हणजे दुकान आधी उघडून मंग अर्ज केला तर बसत नाही. आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या अर्ज घेऊन राहिले का, निधी आहे का ते विचारा, त्याच्यानंतरच कंपनीला तारीख द्या. पीएमएफएमई ही वेगळी योजना, ती पापड-मसाला-लोणचं अशा प्रक्रिया उद्योगाला आहे, चहा कॅफेचं त्यात काम नाही.

कागदं फार नाहीत. एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेचं सरकारी खातं) रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर, उलाढालीप्रमाणे, अन् ते तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर तुमच्या नावानं पाहिजे, कंपनीचा नंबर बोर्डावर लावून चालत नाही. दुकानात दोन-चारच कामगार असतील तर शॉप अॅक्टची ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट आहे, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीचं ना-हरकत अन् घरमालकाशी भाडेकरार, जो निदान फ्रँचायझीच्या मुदतीएवढा तरी पाहिजे.

पैसे भरायचे ते फक्त कंपनीच्या नावाच्या चालू खात्यात, आरटीजीएस किंवा चेकनं, कोणत्याही मॅनेजरच्या फोनपेवर नाही, अन् दर वेळी जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या. तीन हप्ते करून मागा, सहीच्या वेळी थोडे, मशिनरी दुकानात उतरल्यावर थोडे, ओपनिंग झाल्यावर बाकीचे. "आजच्या आज भरलं तर ५० हजार सूट" म्हणत असतील तर उद्यापर्यंत थांबा, ती सूट उद्याही असते. अन् पैसे गेल्यावर फोन बंद लागला तर लाजेनं घरी बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका अन् बँकेला कळवा, पहिल्या काही तासांत खातं गोठलं तर पैसे वाचू शकतात.